संगणक आला, स्थळप्रत गेली

मार्च महिन्याचा अखेरचा आठवडा हा आपल्याकडील कचेऱ्यांचा परीक्षाकाळ असतो. देयके कोषागारात पोहोचवायची असतात, अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रे तयार करायची असतात, शाळा-महाविद्यालयांतून गुणांची आणि उपस्थितीची जुळवाजुळव चाललेली असते. नेमक्या अशा वेळी एखाद्या टेबलावरचा लॅपटॉप सकाळी बटण दाबूनही उघडत नाही. पडदा काळा राहतो, किंवा निळा होऊन न समजणारा एखादा संदेश दाखवितो. मग कचेरीत एकच धावपळ सुरू होते. कोणी यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहतो, कोणी ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला दूरध्वनी करतो, कोणी ‘विंडोज नव्याने टाका, म्हणजे सुरळीत होईल’ असा सल्ला देतो. संध्याकाळपर्यंत यंत्र कदाचित सुरूही होते. परंतु वर्षभराची पत्रके, नोंदी आणि पत्रव्यवहार त्यातून नाहीसा झालेला असतो. पुढचे तीन रविवार एक लिपिक ते सारे पुन्हा टंकलिखित करीत बसतो. यंत्र बिघडले, नशीब फुटके, असे म्हणून प्रकरण मिटते.

हे प्रकरण असे मिटते, हीच खरी काळजीची बाब आहे. यंत्र बिघडणे हा अपघात नव्हे. ते यंत्राचे प्राक्तनच आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात घसारा काढण्यासाठी लॅपटॉप आणि टेबलावरील संगणक यांचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षांचे धरले आहे. म्हणजे हे यंत्र अल्पायुषी आहे, हे कायद्याला आणि हिशेबनीसाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढेच की, यंत्राबरोबर त्याच्या पोटातील काम नाहीसे होऊ नये, ही जबाबदारी कोणाची. यंत्राची नोंद जडसंग्रह नोंदवहीत असते, त्याचे निर्लेखन करण्याची रीतसर पद्धत असते. त्यातील माहितीची मात्र कोणत्याच वहीत नोंद नसते. जिची नोंद नाही ती गहाळ झाली तरी लेखापरीक्षकाचा आक्षेप येत नाही.

देह आणि स्मृती

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी लॅपटॉप ‘जातो’ म्हणजे नेमके काय होते, हे पाहणे आवश्यक आहे. कारण सर्वांत जास्त नुकसान बिघाडाने होत नाही. बिघाडानंतरच्या पहिल्या तासातील घाईने होते.

लॅपटॉपला एक देह आहे आणि एक स्मृती आहे. विजेचा जोड, बॅटरी, पडदा, पंखा, मुख्य पट्टी हा देह. आणि कायमची साठवण करणारी डिस्क ही स्मृती. पुष्कळ वेळा देह थकलेला असतो आणि स्मृती धडधाकट असते. चार्जरची तार आतून तुटलेली असते. चार्जर बदलताच यंत्र उठून बसते. कधी यंत्र सुरू असते, पण पडद्यामागचा दिवा गेलेला असतो. अशा वेळी पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा धरला तर अंधुक अक्षरे दिसतात, किंवा दुसरा पडदा जोडताच सारे स्पष्ट होते. कधी चार्जर काढून चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरल्यावर आत अडकलेली वीज निघून जाते आणि यंत्र पूर्ववत सुरू होते. कधी पंख्यात साचलेल्या धुळीमुळे यंत्र तापते आणि स्वतःला वाचविण्यासाठी आपणहून बंद पडते. या सगळ्या तक्रारी क्षुल्लक आहेत. बॅटरी फुगून यंत्राचा तळ किंवा बोटाने फिरवायची पाटी वर उचलली गेली असेल, तर मात्र ते यंत्र क्षणभरही वापरू नये. तेथे प्रश्न फायलींचा नसून आगीचा असतो.

दुसरा प्रकार असा की, देह आणि स्मृती दोन्ही ठीक असतात, परंतु यंत्र चालविणारी प्रणालीच कोलमडलेली असते. १९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा मोठा अनुभव घेतला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले; विमानसेवा विस्कळीत झाल्या आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्यात आले. त्या संगणकांतील माहिती नष्ट झालेली नव्हती. तिच्यापर्यंत जाण्याचा दरवाजा तेवढा बंद झाला होता. एक सदोष फाइल काढून टाकताच तो उघडत होता. अशा स्थितीत ‘सेफ मोड’मधून, किंवा पेन ड्राइव्हवर आणलेल्या दुसऱ्या प्रणालीवरून यंत्र सुरू करून, आतील फायली बाहेरच्या डिस्कवर शांतपणे उतरवून घेता येतात. प्रणाली नव्याने टाकण्याचा विचार त्यानंतर करावयाचा. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो. आधी प्रणाली टाकली जाते, डिस्क पुसली जाते आणि मग कोणाला तरी फायलींची आठवण होते.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. तो म्हणजे स्मृतीच ढासळू लागणे. हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असतात आणि वाचन करणारे टोक त्यांच्यापासून माणसाच्या केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असते. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, एखादी फाइल उघडण्यास मिनिटे लागू लागली, तर ते टोक किंवा तबकडीचा पृष्ठभाग दगा देऊ लागला आहे असे समजावे. येथे प्रत्येक नवा प्रयत्न म्हणजे उरलेल्या श्वासांतील एक श्वास कमी करणे होय. अशा डिस्कवर ‘दुरुस्ती’चा आदेश चालविणे हे तर आजाऱ्याला धावायला लावण्यासारखे आहे. जाणकार माणूस प्रथम त्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढतो. जे सहज वाचता येते ते आधी उचलतो, अवघड भाग शेवटी ठेवतो आणि पुढचे सारे प्रयोग त्या नकलेवर करतो. टकटक थांबतच नसेल, तर धूळविरहित खोलीत डिस्क उघडण्याची सोय असलेल्या तज्ज्ञाकडे जाण्याखेरीज इलाज नसतो. घरी ती उघडणे किंवा शीतकपाटात ठेवणे हे उपाय वैदूगिरीत मोडतात.

पुसलेले आणि कुलूपबंद

चुकून पुसलेल्या फायलींविषयी एक जुना दिलासा सांगितला जातो. तो असा की, पुसलेली फाइल लगेच नष्ट होत नाही. हार्ड डिस्कच्या बाबतीत हे खरे आहे. पुसण्याच्या आज्ञेने अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी काढली जाते. पाने जागच्या जागी असतात. त्या जागेवर नवे लिखाण होईपर्यंत ती परत मिळू शकतात. म्हणूनच अशा वेळी त्या यंत्रावरील काम ताबडतोब थांबवावे लागते आणि फायली शोधण्याची आज्ञावलीसुद्धा त्याच डिस्कवर उतरवायची नसते. नाहीतर शोधायला आलेला पाहुणाच हरवलेल्या वस्तूच्या जागेवर बिछाना टाकतो.

परंतु हा दिलासा आता कालबाह्य होत चालला आहे. नव्या लॅपटॉपांत फिरत्या तबकड्यांऐवजी अर्धवाहक स्मृतीची, म्हणजे एसएसडीची साठवण असते. ती जलद आहे, धक्क्याने बिघडत नाही, हे तिचे गुण. परंतु पुसलेल्या फायलींची जागा पुढील लिखाणासाठी मोकळी करून ठेवण्याची व्यवस्था तिच्यात असते, त्यामुळे पुसलेले बहुधा कायमचेच जाते. शिवाय ती जाताना टकटक करीत नाही. पुष्कळदा एका क्षणी असते आणि दुसऱ्या क्षणी नसते. काही पातळ यंत्रांत तर ती मुख्य पट्टीवरच कायमची जोडलेली असते. म्हणजे देह गेला की स्मृती वेगळी काढण्याची सोयही उरत नाही.

याखेरीज आणखी एक कुलूप अलीकडे आले आहे. अनेक नव्या लॅपटॉपांतील साठवण सांकेतिक स्वरूपात बंदिस्त असते. यंत्र चोरीस गेले तरी चोराला माहिती वाचता येऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु मुख्य पट्टी बदलली, किंवा डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, की ती मालकालाही चोरच समजते आणि किल्ली मागते. बिटलॉकर या विंडोजमधील व्यवस्थेची ही किल्ली ४८ अंकांची असते. ती यंत्र प्रथम सुरू करताना वापरलेल्या खात्यात, संस्थेच्या दप्तरात किंवा छापील कागदावर असते. नसली तर जगातला कोणताही कारागीर ती माहिती परत देऊ शकत नाही. कचेरीत यंत्र आले त्या दिवशी ते कोणी सुरू केले, कोणाच्या वैयक्तिक खात्यावर सुरू केले आणि तो कर्मचारी आता बदलून कोठे गेला, या प्रश्नांची उत्तरे किती कचेऱ्यांपाशी आहेत?

मराठीपुरता आणखी एक गुंता सांगितला पाहिजे. पुष्कळ खटपटीनंतर वीस वर्षांपूर्वीची फाइल परत मिळते, उघडते आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा, विरामचिन्हांचा निरर्थक सडा पडतो. फाइल शाबूत आहे, पण ज्या खाजगी फॉन्टमध्ये ती टंकलिखित केली तो फॉन्ट या यंत्रात नाही. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते; तरी त्यानंतर कित्येक वर्षे आपल्या कचेऱ्या, छापखाने आणि शाळा निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत काम करीत राहिल्या. पेशवे दप्तरातील मोडी कागद दोन-अडीचशे वर्षांनंतरही मोडी जाणणाऱ्याला वाचता येतो. आणि नव्वदच्या दशकातील इतिवृत्त, ते लिहिणाऱ्या संस्थेलाच वाचता येत नाही. माहिती जतन करणे म्हणजे केवळ डिस्क जतन करणे नव्हे, हा त्याचा अर्थ.

वेडेपणा की हिशेब?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हे सारे टाळण्याचा उपाय सर्वांना माहीत आहे: नक्कल काढून ठेवणे. मग ती काढली का जात नाही? ‘लोक आळशी आहेत’ हे उत्तर सोपे आहे, आणि बहुतेक सोप्या उत्तरांप्रमाणे अपुरे आहे. थोडा हिशेब मांडून पाहावा. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत.

समजा, एका लिपिकाचे मासिक वेतन ४०,००० रुपये आहे आणि महिन्याचे कामाचे तास २०० आहेत. म्हणजे त्याच्या एका तासाची किंमत २०० रुपये. लॅपटॉप बिघडून माहिती गेली तर ती पुन्हा भरण्यास ८० तास लागतात, म्हणजे १६,००० रुपयांचे नुकसान होते. अशी आपत्ती दरवर्षी वीस यंत्रांपैकी एकावर येते असे धरू. तर त्या एका लिपिकाच्या दृष्टीने वर्षाचे अपेक्षित नुकसान चार तासांचे, म्हणजे ८०० रुपयांचे. उलट दर आठवड्याला पंधरा मिनिटे खर्चून त्याने हाताने नक्कल काढली तर वर्षाला तेरा तास, म्हणजे २,६०० रुपये खर्ची पडतात. या हिशेबाने नक्कल न काढणारा लिपिक वेडा ठरत नाही. त्याच्या टेबलापुरता तो शहाणाच आहे.

परंतु हाच हिशेब वीस कर्मचाऱ्यांच्या कचेरीसाठी मांडला की चित्र पालटते. तेथे वर्षाला सरासरी एक यंत्र जाणारच. म्हणजे ८० तास आणि १६,००० रुपये दरवर्षी बुडणारच. वीसही यंत्रांची नक्कल आपोआप निघत राहील अशी व्यवस्था एकदा बसवून, एका माणसाने महिन्याला दोन तास ती तपासली, तर वर्षाचे २४ तास, म्हणजे ४,८०० रुपये आणि त्याखेरीज डिस्कचा खर्च लागतो. ही डिस्क काही वर्षे चालते. व्यक्तीसाठी जो आतबट्ट्याचा व्यवहार, तोच संस्थेसाठी उघड फायद्याचा आहे. शिवाय या हिशेबात जे पुन्हा भरताच येत नाही त्याची किंमत धरलेलीच नाही. मूळ कागद असेल तर तक्ता पुन्हा भरता येईल. परंतु संशोधक विद्यार्थिनीने गावोगाव फिरून घेतलेल्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण किंवा शिक्षकाने वर्षानुवर्षे रचलेले प्रश्नसंच कोणत्या कागदावरून पुन्हा भरायचे?

असे असूनही संस्था हा फायद्याचा व्यवहार करीत नाहीत, याची कारणे अर्थशास्त्रात शोधावी लागतात. पहिले कारण असे की, नुकसान सोसणारा आणि निर्णय घेणारा हे दोघे वेगळे आहेत. डिस्क खरेदीचा खर्च संस्थेच्या हिशेबात दिसतो. लिपिकाचे तीन रविवार कोठेच दिसत नाहीत. जो खर्च दुसऱ्याच्या घरातून परस्पर वसूल होतो तो वाचविण्याची घाई कोणाला असणार? दुसरे कारण मनुष्यस्वभावाचे. दूरच्या काळातील सुखदुःखे माणसाला आहेत त्यापेक्षा लहान दिसतात, असे प्रतिपादन ए. सी. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली केले होते. आजचा चहा आणि पुढच्या वर्षीची बुडीत फाइल यांत चहाच मोठा दिसतो. तिसरे कारण प्रतिष्ठेचे. वीस नवे लॅपटॉप आले की हारतुरे होतात, छायाचित्र निघते. नक्कल व्यवस्थित निघत आहे, याचा समारंभ कधी होत नाही. कारण तिचे यश म्हणजे काहीच न घडणे.

पूर्वीच्या कचेरीने हा प्रश्न फार साध्या रीतीने सोडविला होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची स्थळप्रत फायलीला लागे. ती लावण्यासाठी लिपिकाला दूरदृष्टी असण्याची गरज नव्हती. टंकलेखन यंत्रात दोन कागदांमध्ये कार्बन घालणे हा कामाचाच भाग होता. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत ठेवण्यामागेही हेच शहाणपण होते. स्थळप्रत ही कोणाची वैयक्तिक सावधगिरी नव्हती, ती कचेरीची रीत होती. संगणकाने कार्बन कागद हद्दपार केला, हे ठीक झाले. त्याबरोबर स्थळप्रतही हद्दपार झाली आणि तिच्या जागी काय आले, हे पाहायचे राहून गेले.

आभाळातील दप्तर

यावर एक आक्षेप घेतला जाईल. आता सारे काही ‘क्लाउड’मध्ये असते; लॅपटॉप गेला तरी काय बिघडले? या म्हणण्यात तथ्य आहे. दूरच्या संगणकावर ठेवलेली फाइल टेबलावरचे यंत्र जळाले तरी सुरक्षित राहते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीला आग लागली, तीत पाच जणांचा बळी गेला आणि वरच्या मजल्यांवरील अनेक विभागांच्या फायली भस्मसात झाल्या. एका इमारतीत एकच प्रत ठेवण्याचा धोका महाराष्ट्राने तेव्हा डोळ्यांनी पाहिला आणि फायलींच्या संगणकीकरणाला त्यानंतर वेग आला.

परंतु आभाळातील दप्तर म्हणजे तरी अखेर कोठल्या तरी इमारतीतील यंत्रेच होत. दक्षिण कोरियाएवढा संगणकात मुरलेला देश विरळा. तेथील सरकारी कर्मचाऱ्यांना कामाच्या फायली स्वतःच्या संगणकावर न ठेवता ‘जी-ड्राइव्ह’ या सरकारी साठवणीत ठेवण्याचा प्रघात २०१८ पासून घालण्यात आला होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील राष्ट्रीय माहिती केंद्रात बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या, ९६ यंत्रणा प्रत्यक्ष जळाल्या आणि त्यांत जी-ड्राइव्हही होता. त्यातील ८५८ टेराबाइट माहितीची दुसरी प्रत कोठेही नव्हती. साठा इतका मोठा आहे की त्याची बाहेर नक्कल ठेवणे शक्य झाले नाही, असे स्पष्टीकरण अधिकाऱ्यांनी दिले. ज्यांनी नियम काटेकोर पाळून सारे काही त्या एकाच ठिकाणी ठेवले, त्यांचेच नुकसान सर्वांत जास्त झाले. नियम चुकला होता असे नाही; तो अर्धाच होता.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. लॅपटॉपवरील फोल्डर आणि क्लाउडवरील फोल्डर एकमेकांशी जुळते ठेवण्याची सोय म्हणजे नक्कल नव्हे. ती आरशासारखी असते. लॅपटॉपवर फाइल पुसली की आरशातूनही ती पुसली जाते. खंडणीखोर विषाणूने फायली कुलूपबंद केल्या तर आरशातही कुलूप दिसते. काही सेवा जुन्या आवृत्त्या काही दिवस जपून ठेवतात. ते किती दिवस, हे आधी पाहून ठेवावे लागते.

आणि नक्कल निघत आहे असे समजणे व ती खरोखर निघणे यांतही अंतर असते. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुतांश फायली पुसल्या गेल्या. नक्कल काढण्याची व्यवस्था तेथे होती. परंतु ती नीट चालत नसल्याचे त्याच वेळी लक्षात आले. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेमुळे. लहान बाळामुळे त्या घरून काम करीत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. एवढ्या मोठ्या संस्थेची अब्रू एका योगायोगाने राखली. कचेऱ्यांनी आपला कारभार असल्या योगायोगावर सोपविता कामा नये.

यंत्र स्वतःच पूर्वसूचना देईल, या भरवशावरही राहता येत नाही. डिस्कमध्ये स्वतःची प्रकृती नोंदविण्याची सोय असते हे खरे. तथापि गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांच्या अभ्यासावरून २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे आढळले की, बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांत चार सर्वांत महत्त्वाच्या पूर्वलक्षणांपैकी एकही दिसले नव्हते. लक्षण दिसले तर लगेच हालचाल करावी; दिसले नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

रीत हवी, उपदेश नको

तेव्हा करावयाचे काय? कर्मचाऱ्यांना काळजी घेण्याचा उपदेश करणारे आणखी एक परिपत्रक काढून काही साधणार नाही. जी गोष्ट रीत म्हणून होत होती, ती पुन्हा रीत म्हणूनच झाली पाहिजे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘तीन-दोन-एक’ हा नियम त्यासाठी पुरेसा आहे: प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत वेगळ्या इमारतीत असावी. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवूनही तरली, या श्रद्धेच्या कथेचा एक अर्थ असाही सांगितला जातो की, ती तोवर लोकांच्या मुखी आणि वह्यांत पोहोचलेली होती. एकाच जागी असते ते बुडते, अनेक जागी असते ते तरते.

हा नियम कचेरीच्या भाषेत आणावयाचा तर चार गोष्टी पुरेत. पहिली, यंत्र खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावातच नकलेच्या साधनाचा खर्च धरावा. अनुदानित शाळांना वेतनेतर अनुदानाच्या तुटपुंज्या रकमेतून तो काढावा लागू नये. दुसरी, प्रत्येक यंत्राची किल्ली, ते कोणत्या खात्यावर सुरू झाले याची नोंद आणि त्यावरील कामाचे वर्णन एका वहीत लिहून ती वही कार्यालयप्रमुखाच्या कपाटात ठेवावी. बदलीच्या वेळी पदभारासोबत या वहीचेही हस्तांतरण व्हावे. तिसरी, जतन करावयाच्या मराठी मजकुरासाठी युनिकोडखेरीज दुसरे काही वापरू नये आणि जुने मजकूर वाचता येत आहेत तोवरच रूपांतरित करून घ्यावेत. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, दर तिमाहीस नकलेतून एखादी फाइल प्रत्यक्ष परत आणून पाहावी. परत आणून न पाहिलेली नक्कल ही न वठविलेल्या धनादेशासारखी असते. बँकेत जाईपर्यंत तिची किंमत कळत नाही.

आणि यंत्र बिघडलेच, तर दुरुस्तीचा निर्णय हवालदिल झालेल्या लिपिकावर सोडू नये. आधी फायली, मग यंत्र, हा क्रम भिंतीवर लावून ठेवावा. विद्यार्थ्यांचे पत्ते, वेतनाचे तपशील, वैद्यकीय प्रमाणपत्रे असलेली डिस्क कोपऱ्यावरच्या दुकानात सोपविताना पावती आणि गुप्ततेची लेखी हमी घ्यावी. ही माहिती कचेरीची नव्हे, लोकांची आहे.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने अभिलेख सूचीबद्ध आणि सुव्यवस्थित ठेवण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणांवर टाकले आहे. एके काळी उपलब्ध असलेली माहिती आता सापडत नाही, एवढे म्हणून ती नाकारता येणार नाही. शोध घ्यावा लागेल आणि जबाबदारी निश्चित करावी लागेल, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. ‘फाइल गहाळ आहे’ या जुन्या उत्तराची जागा ‘संगणक बंद पडला’ या नव्या उत्तराने घ्यावी, हे म्हणूनच मान्य होण्यासारखे नाही. निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतन, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, शेतकऱ्याचा फेरफार ही त्या फायलींतील ओळींची खरी नावे आहेत. त्या ओळी गेल्या की हेलपाटे त्यांनाच पडतात, ज्यांचा त्या यंत्राशी काहीही संबंध नव्हता.

३१ मार्च हा आपल्याकडे आर्थिक वर्षअखेरीचा दिवस. योगायोगाने २०११ पासून हाच दिवस जगभर संगणकीय नकलेचा दिवस म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशी प्रत्येक कार्यालयप्रमुखाने तिजोरीतील रोकड मोजल्यावर आणखी एक काम करावे. सहकाऱ्यांना बोलावून कोणत्याही एका फाइलचे नाव घ्यावे आणि ज्या यंत्रावर ती तयार झाली त्या यंत्राला हात न लावता ती पंधरा मिनिटांत आणून दाखविण्यास सांगावे. फाइल आली तर त्या कचेरीत स्थळप्रत शिल्लक आहे असे समजावे. न आली, तर वर्षअखेरीच्या ताळेबंदात एक मोठे देणे दाखवायचे राहून गेले आहे, आणि ते कोणाच्या तरी रविवारांतून फेडले जाणार आहे.